सोमाजीच्या पेटीचे झाकण

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी हत्यारपेटी आहे आणि स्वभावाने भित्री आहे. हे आधीच सांगून टाकलेले बरे. लोखंडाला कसली आली भीती, असे लोक म्हणतात. पण असे म्हणणाऱ्यांनी जन्मताच हातोडा खाल्लेला नसतो.

माझा जन्म वडशाला, रेल्वे फाटकाजवळच्या लच्छू मिस्त्रीच्या टपरीत झाला. त्याआधी मी डांबराचे पिंप होते. लच्छूने मला छिन्नीने उभे फाडले, ठोकून ठोकून सपाट केले, चार कोपरे वाकवले आणि कडांना वेल्डिंगचे चटके दिले. ती आग जवळ येताना पाहून माझी पाचावर धारण बसली होती. मग दोन बिजागऱ्या आल्या, एक कडी आली, उचलायला मूठ आली आणि वरून निळा रंग चढला. मला न्यायला सोमाजी आला होता. कुरखेड्याकडचा, सडपातळ, कमी बोलणारा हातपंप मेकॅनिक. लच्छूने माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "घेऊन जा गा सोमाजी. मानूस मरते, पन माया हातची पेटी नाई मरत." सोमाजी हसला. मला मात्र ते बोलणे मुळीच आवडले नाही.

त्यानंतर बावीस वर्षे मी सोमाजीच्या सायकलच्या मागे, रबरी ट्यूबने बांधलेली, गावोगाव हिंडले. माझ्या पोटात पाइप पाने, साखळी, चामड्याचे वॉशर, ग्रीसचा डबा आणि एक लांब पेचकस असे. पंप बिघडला की सोमाजी जमिनीतून एकेक पाइप वर ओढी, तळाचे सिलिंडर उघडी, झिजलेला वॉशर बदली आणि सगळे पुन्हा खाली सोडी. आम्ही गावात शिरलो की पोरे ओरडत, "पेटी आली, पेटी आली!" सोमाजी आला असे कोणी म्हणत नसे. तेवढ्यापुरती मी भीती विसरे आणि अंमळ फुगत असे. दसऱ्याला तो मला धुऊन पुसून पाटावर ठेवी आणि हळदकुंकू लावून झेंडूचे फूल वाही.

जंगलातून जाताना मात्र माझ्या आतले पाने खडखड वाजत. सोमाजी म्हणे, रस्ता खराब आहे. रस्ता चांगला असला तरी ते वाजत. मोहाच्या दिवसांत झाडाखाली अस्वल असे. एकदा एका वळणावर बंदुका घेतलेल्या माणसांनी आम्हाला थांबवले आणि पेटीत काय आहे म्हणून विचारले. "पाने आहेत भाऊ, पंपाचे पाने," असे सोमाजी तीनदा म्हणाला. एकाने माझ्या आत हात घालून सगळे चाचपले. ते कोण होते, हे मी विचारले नाही. पेट्यांनी असले प्रश्न विचारू नयेत.

आता माझ्या झाकणाबद्दल सांगते, कारण माझी खरी गोष्ट तिथेच आहे.

सोमाजीची शाळा दुसरीतच सुटली होती. सही जमायची, बाकी लिहिणे त्याला नको वाटे. पण कोणत्या पंपात किती पाइप सोडले आहेत, हे मेकॅनिकला लक्षात ठेवावे लागते. म्हणून तो पेचकसाच्या टोकाने माझ्या झाकणाच्या आतल्या बाजूला चित्र कोरी. देवळाजवळचा पंप असेल तर देऊळ, बंधाऱ्याजवळचा असेल तर पाण्याच्या दोन लाटा. चित्रापुढे जितके पाइप तितक्या उभ्या रेघा. आणि एखाद्या पंपाचे पाणी पिण्याजोगे नाही असे तपासणीत निघाले, तर पुढे एक फुली. फुली तो जोर लावून कोरी. मला वाचता येत नाही मित्रांनो, पण प्रत्येक फुली मला दुखली आहे, म्हणून ती माझ्या ध्यानात आहे. एकूण एकेचाळीस चित्रे होती. त्यांत फुल्या सात.

आमच्या भागात काही ठिकाणच्या पाण्यात फ्लोराइड असते. ते पाणी नितळ दिसते, गोड लागते, आणि म्हणूनच मला त्याची फार भीती वाटते. ते पिऊन पोरांचे दात पिवळे-तपकिरी पडतात. वर्षानुवर्षे पीत राहिले तर हाडे दुखू लागतात, पाय वाकतात. वाघ निदान दिसतो तरी.

बेहडाटोला नावाच्या वस्तीत दोन पंप होते, एक शाळेजवळ आणि एक मोहाच्या झाडाखाली. नऊ वर्षांमागे तिथे नळ आले. दोन्ही पंपांचे दांडे काढून ते बंद केले. त्यानंतर दोन महिन्यांनी तपासणीचा कागद आला की मोहाखालच्या पंपाचे पाणी खराब आहे. आता ते पितोच कोण, असे म्हणून त्या पंपाला कोणी धोक्याचा लाल रंग दिला नाही. सोमाजीने वस्तीतल्या एका म्हाताऱ्या पुढाऱ्याच्या कानावर घातले, पण तो पुढच्याच साली वारला. सोमाजीने माझ्या झाकणात मोहाचे झाड कोरले, अकरा रेघा कोरल्या आणि एक फुली मारली. ही गोष्ट ठाऊक असलेले मग आम्ही दोघेच उरलो.

दोन वर्षांमागे सोमाजीला लकवा मारला. त्याचा उजवा हात गेला आणि जीभ गेली. मला गुरांच्या कोठ्यात टाकले आणि वर भाताच्या तणशीचा ढीग रचला. माझा निळा रंग पोपडे होऊन गळू लागला. बूड गंजून त्याला भोक पडले. एका कोंबडीने माझ्यात अंडी घातली, एक विंचू पावसाळाभर मुक्कामाला होता. पण खरे धाबे दणाणे ते रस्त्यावर भंगारवाल्याची हाक आली की. एकदा तो दारात येऊन कोठ्याकडे बोट दाखवू लागला, तेव्हा सोमाजीची बायको रुखमाबाई त्याला म्हणाली, "जा बाप्पा, ते नाई देत. त्यायचा जीव आहे तिच्यात." माझा जीव भांड्यात पडला. पण पुढच्या महिन्यात तो पुन्हा आलाच.

यंदा फाल्गुनात उर्वशीने मला बाहेर काढले. उर्वशी ही सोमाजीची एकुलती मुलगी, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. तिने गडचिरोलीला आयटीआयमध्ये फिटरचा कोर्स केला आणि तिला बापाचेच काम मिळाले, हातपंप दुरुस्तीचे. पहिलेच काम बेहडाटोल्याचे होते. तिथल्या नळाची मोटार जळली होती, म्हणून एक जुना पंप पुन्हा सुरू करायचा होता.

"नवीन पेटी घेऊन टाक नं," रुखमाबाई म्हणाली.

"नाई माय. बाबाचीच पेटी नेतो. अशी चकाचक करतो का बाबा पाहतच राहीन."

हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. पण तिच्या हातात तारेचा ब्रश होता.

शनिवारी सकाळी तिने मला अंगणात आणले. समोरच पडवीत खाटेवर सोमाजी पडून होता. तिने माझ्या बिजागऱ्यांत डिझेल सोडले, त्या भिजू दिल्या आणि हळूहळू हलवून मोकळ्या केल्या. पोचे आतून ठोकून काढले. बुडाचे भोक कापून नवा पत्रा बसवला आणि रिबिटे मारली. प्रत्येक घावाला मी डोळे मिटल्यासारखी होत होते, पण हात जाणता होता, बापाचाच होता. दुपार कलेपर्यंत बाहेरचा गंज गेला. मला वाटले, झाले, आता रंग.

तेवढ्यात बेहडाटोल्याची बुधरी आली. ती वाळलेली मोहफुले घेऊन बाजाराला निघाली होती. वाटेत टोपली उतरवून ती पडवीत टेकली.

"सोमवारी येतेस नं पोरी?" तिने विचारले. "पोट्टे नाल्याचं पानी पिऊन राह्यले."

"येतो नं मावशी. कोणता पंप उघडू, शाळेजवळचा का मोहाखालचा?"

"मोहाखालचाच उघड. घराच्या जवळ पडते. फुलं वेचाले बाया, पोट्टे तिथीच राहतेत."

"पानी कसं होतं त्याचं?"

"गोड होतं वो. दोन्ही बी गोडच होते."

"मंग तोच उघडतो," उर्वशी म्हणाली. "पाण्याचा नमुना पन पाठवतो तपासाले. पंधरा दिवसांत रिपोर्ट येते."

पंधरा दिवसांत अख्खी वस्ती त्या गोड पाण्याला सरावली असती, आणि घराजवळचे पाणी एकदा मिळाले की ते कोण सोडतो? मी खाटेकडे पाहिले. सोमाजी ताठ झाला होता. डावा हात खाटेच्या कडेला आपटत तो ओरडू लागला, "अं... अं..." बुधरी बिचारी घाबरून उठली आणि टोपली उचलून निघून गेली.

"काय झालं बाबा? पानी पायजे?" उर्वशी धावली. तिने पेला तोंडाला लावला. सोमाजीने तो उडवून दिला.

"पेटीले हात लावला म्हणून रागावून राह्यले," रुखमाबाई म्हणाली.

"खराब नाई करत बाबा. नवी करून देतो," असे म्हणून उर्वशीने त्याचे तोंड पुसले आणि परत माझ्याकडे आली. मग तिने माझे झाकण उघडून भिंतीला टेकवले.

आतल्या बाजूला ग्रीसचा काळा थर होता. तिने तो कापडाने पुसला आणि खालून चित्रे वर आली. झाडे, देवळे, लाटा, रेघा. ती थांबली. माझी सगळी आशा त्या थांबण्यात होती.

मग ती हसली. "माय, हे पाय! माहे चित्रं अजून आहेत. हा ससा पाय."

मित्रांनो, ससा तिचाच होता. आठ वर्षांची असताना तिने तो खिळ्याने कोरला होता, नेमका बापाच्या एका खुणेवर. सोमाजीने त्या दिवशी तिला थापड मारली होती. तिच्या जन्मातली ती एकच थापड.

"सारे तुयेच गिरगोटे आहेत ते," रुखमाबाई चुलीजवळून म्हणाली.

"ह्याच्यापायी बाबानं मारलं होतं मले. त्यायची पेटी खराब केली म्हणून. आता पूरं साफ करून देतो."

आणि ती घासू लागली. किती प्रेमाने घासत होती ती! तोच तर घोर होता. रागाने घासले असते तर हात लवकर थकला असता. लहानपणीची एक चूक धुऊन काढायची म्हणून ती कोपरान् कोपरा घासत होती. आधी ससा गेला. मग एक देऊळ गेले, लाटा गेल्या. पहिली फुली गेली, दुसरी गेली. मी ओरडत होते, पण पत्र्यावर ब्रश फिरला की जो आवाज येतो तो कोणाला ओरडणे वाटत नाही. तिकडे सोमाजीही ओरडत होता. त्याच्याजवळ तोंड होते आणि शब्द नव्हते. माझ्याजवळ शब्द होते, ते झाकणावरून गळून खाली भुकटी होत होते. मोहाच्या झाडाशी ब्रश आला तेव्हा सोमाजी खाटेवरून खाली पडला.

दोघींनी मिळून त्याला उचलले. रुखमाबाईने डॉक्टरने दिलेली झोपेची गोळी दिली. त्याचे डोळे मिटत गेले, तरी ते माझ्याकडेच होते. मग उर्वशीने परत येऊन डोळे पुसले आणि उरलेले झाकण पॉलिश पेपरने गुळगुळीत केले.

रविवारी तिने मला आधी लाल ऑक्साइड लावला आणि तो सुकल्यावर निळा ऑइलपेंट, आत आणि बाहेर दोन हात. मी जन्मात इतकी सुंदर कधी दिसले नव्हते. शेजारचे येऊन पाहून गेले. मी मात्र आतून रिकामी झाले होते. सोमाजीने दिवसभर घास घेतला नाही. रुखमाबाईला वाटले पडल्यामुळे दुखत असेल. उद्या दुपारी मोहाखालचा दांडा हलेल, पहिली धार पडेल, पोरे ओंजळी पुढे करतील, आणि ओरडतील, पेटी आली. या विचाराने माझा नवा रंग सुकत असताना मला घाम फुटला. लोक म्हणाले, हवेत दमटपणा आहे.

सोमवारी सकाळी उर्वशीने सामान भरले. वस्तीची बैलगाडी पाइप घेऊन पुढे गेली होती. निघण्याआधी तिने मला उचलून पडवीत, टेकून बसवलेल्या बापासमोर आणून ठेवले.

"बाबा, हात लावा पेटीले. पहिलं काम आहे माहं."

तिने झाकण उघडून धरले, आतला चकचकीत निळा रंग दिसावा म्हणून. तिने सोमाजीचा डावा हात उचलून माझ्यावर ठेवला. तो हात आत घसरला, पान्यांतून चाचपडत गेला आणि पेचकसावर थांबला.

त्याने पेचकस उचलला आणि टोक माझ्या झाकणात रोवले.

"बाबा! काऊन?" उर्वशी ओरडली. "दोन दिवस लागले मले!"

तिने त्याचे मनगट धरले. त्याने हिसडा दिला. लकव्याच्या माणसात एवढे बळ कुठून आले, मला ठाऊक नाही. नवा रंग उडाला, त्याखालचा लाल उडाला, पत्रा चरचरला. वाकडे खोड निघाले. त्यावर गोल, वेडावाकडा पसारा. डावखुऱ्या पोराने काढावे तसे झाड. आणि पुढे एक तिरपी रेघ, तिला छेदून दुसरी. ती फुली मला फार दुखली, पण इतकी मी कधी कशाने सुखावले नव्हते.

उर्वशी रडवेली झाली होती. रुखमाबाईने तिचा खांदा धरला. "थांब वो. पाय आधी. झाड काढलं त्यायनं."

"झाड?" उर्वशी खाली वाकली. "बेहडाटोल्याचा मोह?"

सोमाजीने पेचकसाने फुलीवर टक टक वाजवले. मग पेचकस टाकला, डावा हात मुलीच्या तोंडाजवळ नेला आणि तिच्या दातांना बोट लावले. पुन्हा फुलीवर. पुन्हा दातांवर. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होते.

आयटीआयनंतरच्या प्रशिक्षणात तिला तसल्या दातांचे फोटो दाखवले होते.

"पानी खराब आहे त्याचं," ती म्हणाली. सोमाजीने डोळे मिटले आणि सुटल्यासारखा मोठा श्वास सोडला.

मग तिने माझ्या कोऱ्या झाकणाकडे पाहिले. "म्हणजे ते सारे बाबाचे होते," ती हळूच म्हणाली. "माहा तं ससाच होता. माय, मी का करून बसली वो!"

त्या दिवशी सोमाजीला विचारून आम्ही शाळेजवळचा पंप उघडला. मोहाखालच्या पंपाला उर्वशीने लाल रंग दिला आणि वस्तीतल्या प्रत्येक घरी जाऊन का ते सांगितले. बुधरी कपाळाला हात लावून म्हणाली, "मीच तं मोहाखालचा उघड म्हटलं होतं."

आता रोज सकाळी उर्वशी मला पडवीत घेऊन बसते. एकेका गावाचे नाव घेते, पंपाची जागा विचारते, सोमाजी मान हलवतो आणि डाव्या हाताने कोरतो. माझा सुंदर रंग पार ओरखडून गेला आहे. पाहुणे विचारतात, एवढी छान पेटी अशी कशाने केली? उर्वशी उत्तर देत बसत नाही. एकेचाळीसपैकी तेहतीस चित्रे परत आली आहेत. सात फुल्यांपैकी सहा आल्या आहेत.

सातवी येत नाही. उर्वशी नकाशा उघडून नावे वाचते, सोमाजी कपाळ आवळून आठवतो आणि मग त्याची नजर अंगणात कुठेतरी जाते. तो थकत चालला आहे. मला ती फुली आठवते, पण गाव आठवत नाही. तिथे आम्ही एकदाच गेलो होतो, दुसऱ्याच्या जीपमधून, मी पोत्यांखाली दबलेली. नाव माझ्या कानी पडले नाही. चित्र तेवढे दुखले, शिंदीची दोन झाडे.

म्हणून मित्रांनो, माझे एक ऐका. जुनी वस्तू जरूर घासा, रंगवा, आम्हाला ते हवेच असते. पण ब्रश उचलण्याआधी ती वापरलेल्या माणसाजवळ जाऊन बसा. त्याला बोलता येत नसेल तर जास्तच वेळ बसा.

आणि तुमच्या गावाच्या वाटेवर शिंदीच्या दोन झाडांमध्ये बिनदांड्याचा एखादा पंप उभा असेल, आणि कोणी तो सुरू करायला पाने घेऊन निघाले असेल, तर धावत जा. त्याला म्हणा, थांब, आधी पाणी तपासून आण. पाणी नितळ असेल, गोडही लागेल. त्यावर फुली होती.